बाबाचा भोंगा

लीलाधर फुंडे मुळात चिडका माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकलं की तुम्ही त्याला शिव्या द्याल. द्या, खुशाल द्या, त्याच्या वाट्याच्या आहेतच त्या. पण माणूस चिडका नव्हता.

आमगावच्या बाहेर एक उसना, म्हणजे उकड्या तांदळाची मिल आहे, तिथं तो बॉयलर सांभाळायचा. धान उकडायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरला असा माणूस लागतो की ज्याचे डोळे प्रेशरच्या काट्यावर आणि कान आगीकडं असतात. लीलाधर तसा होता. सरकारी परीक्षा देऊन त्यानं बॉयलरचं सर्टिफिकेट काढलं होतं आणि फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावलं होतं. बायको दुर्गेश्वरी देवाला फूल वाहताना एखादं फूल तिकडंही वाहायची.

बॉयलरच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आतली वाफ हद्दीबाहेर गेली की तो आपसूक उघडतो आणि जास्तीची वाफ बाहेर फेकतो. तेव्हा असा काही आवाज होतो की अर्धं गाव मान वर करून बघतं. फुंड्यांचं घर मिलपासून चार बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या वावरांच्या पलीकडं. तो आवाज आला की त्यांची लेक चंचल हातातलं टाकून अंगणात पळायची आणि सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं ओरडायची, "बाबाचा भोंगा! बाबाचा भोंगा वाजला!" पोर दुसरीत होती, पण घसा असा की कोंबड्या पळाव्यात.

घरी यायचीही एक रीत होती. लीलाधर अंगाखांद्यावर भुसा घेऊन यायचा, तर दुर्गेश्वरीनं लग्न झाल्या वर्षीच सांगून टाकलं होतं, "मिलचा भुसा मिलमधी ठेवून येत जा. घरात नोको." मग तो कुंपणाजवळ थांबून खांद्यावरचा दुपट्टा दणादण झटकायचा. चंचल मुद्दाम त्या दुपट्ट्याखाली जाऊन उभी राहायची, शिंका द्यायची आणि खिदळायची. पाय धुऊन, तिला काखेत मारूनच गडी घरात शिरायचा. एकदा आत आला की मिलचं नाव नाही.

आता हे सगळं बिघडलं कुठं? तर यंदा. दिवाळीनंतर सरकारी धान मिलमध्ये येऊन पडलं, भरडून द्यायची मुदत ठरलेली, आणि बॉयलर तोच जुना. मिलमालक सेठला आता होईना, म्हणून त्याचा पोरगा हिमांशू कारभार बघायला लागला. बोलायला गोड, शिवी कधी दिली नाही. तसा माणूस जास्त वाईट, कारण त्याच्यावर धड रागावताही येत नाही. एका सकाळी तो बॉयलरजवळ उभा होता आणि नेमका व्हॉल्व्ह उडाला.

"लीलाधर भाऊ," आवाज थांबल्यावर तो म्हणाला, "ये भाप हवा में काहे उडा रहे हो? भूसा मुफ्त में आता है क्या?"

"भैया, तो उडनारच. प्रेशर वाढलं का उडते. त्याचं कामच ते हाय."

"तो उसका काम थोडा कम कर दो ना."

व्हॉल्व्हला एक आडवी दांडी असते, तिच्या टोकाला ठरावीक वजन लटकवलेलं असतं. हिमांशूनं तिथं वरून एक वीट तारेनं बांधायला लावली. झालं. व्हॉल्व्ह मुका झाला, काटा लाल रेघेला जाऊन टेकला, आणि मिल जोरात चालू लागली.

दुसरा बॉयलरवाला टिकाराम होता. त्यानं ती वीट बघितली आणि डबा उचलला. "मी नाही बसत बाप्पा असल्या बॉयलरजवळ," तो म्हणाला. "तू बी नोको बसू, लीलाधर." टिकाराम गेला तो गेलाच, आता आमगाव-गोंदिया ऑटो चालवतो. लीलाधर राहिला. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, मुदत संपली की वीट काढू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. टिकारामची पाळीही त्याच्याच गळ्यात आली. संध्याकाळपासून सकाळपर्यंत तो स्वतः बसायचा, आणि दिवसा भट्टीत भुसा टाकणारा उदाराम काट्याकडं बघून त्याला फोन करायचा. उदारामकडं ना सर्टिफिकेट, ना काही. फोन हेच त्याचं सर्टिफिकेट.

मग लीलाधरनं भीती घरी आणायला सुरुवात केली. कुंपणाजवळ थांबणं बंद. दुपट्टा झटकणं बंद. डोळे तांबारलेले, तसाच भुशासकट खाटेवर पडायचा, फोन छातीवर ठेवून. झोप कसली? डोळा लागला की कानात काटा सरकायचा. कुठं खुट्ट झालं की हा ताडकन उठून बसायचा, आणि मग ज्यानं खुट्ट केलं त्याची धडगत नसायची.

पहिली गेली ती चंचलच्या सायकलची घंटी. तिनं अंगणात टिणटिण केलं, हा बाहेर आला, घंटी मुरगाळून काढली आणि छपराच्या कवेलूंवर फेकून दिली. पोर रडली नाही, नुसती वर बघत राहिली. मग टीव्ही गेला. मग मिक्सर. मग एका दुपारी कुकरची शिट्टी झाली. लीलाधरला झोपेत वाटलं व्हॉल्व्ह उडाला, बॉयलर गेला, उदाराम गेला. तो धडपडत उठला, स्वयंपाकघरात आला, समोर कुकर दिसला, आणि मग जे काही तोंडाला आलं ते बोलला. ताट भिंतीवर आदळलं. वरणाचा डाग अजून तिथं आहे.

"अवो, कुकरच होता न," दुर्गेश्वरी एवढंच म्हणाली.

"मले मारता का तुमी सारे? झोपू नाही देत मले!"

तेव्हापासून ती शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायची आणि झाकण उघडायची वाट बघत उभी राहायची. चंचलला तिनं शिकवलं, बाबा निजले की बोटांवर चालायचं, भांडं दोन हातांनी ठेवायचं, शिंक आली तर फडक्यात द्यायची. बाईनं तरी काय करायचं? घर वाचवायला बघत होती ती.

थोड्याच दिवसांत त्या कुकरच्या झाकणावरचं सेफ्टीचं बटण फुसफुस करायला लागलं. दुर्गेश्वरी म्हणाली, गोंदियावरून नवं आना. लीलाधरला गोंदियाला जायला वेळ कुठला? त्यानं मिलमधून एक बोल्ट आणि वायसर आणला, बटण काढून फेकलं, तिथं बोल्ट ठोकला आणि पान्यानं आवळला.

"आता नाही बोंबलत," तो म्हणाला.

अहो, बॉयलरवाला माणूस! ज्यानं परीक्षेत सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे काय यावर पानभर लिहिलं होतं, त्यानं! पण डोकं ठिकाणावर असतं तर हे सगळं झालंच नसतं.

एक दिवस शाळेतल्या मॅडमनी दुर्गेश्वरीला बाजारात अडवलं. "चंचल आजारी आहे का? वर्गात बोलते, पण ऐकूच येत नाही. मी जवळ जाऊन कान लावते तेव्हा कळतं." दुर्गेश्वरी बाजार अर्धा टाकून निघाली. घरी येऊन तिनं लीलाधरला सांगितलं.

"बरंच हाय न," तो कूस बदलत म्हणाला. "शांत झाली पोरगी."

त्याच आठवड्यात दुर्गेश्वरी डबा द्यायला चंचलला घेऊन मिलवर गेली होती. चंचलनं बॉयलरकडं मान वर करून बघितलं आणि बापाची बाही ओढली. हळूच विचारलं, "बाबा, भोंगा काऊन नाही वाजत आता?"

"ते पाय, वर वीट बांधली त्याच्यावर. वीट ठेवली का गुपचूप राह्यते."

"दुखत नाही का त्याले?"

लीलाधर हसला. त्या महिन्यात तो तेवढाच हसला असेल. "लोखंडाले का दुखते, बाई?"

पोर त्या विटेकडं बराच वेळ बघत राहिली. आई ओढून नेईपर्यंत बघत होती.

मग तो रविवार आला. सकाळी लीलाधर घरी आला तोच मेल्यासारखा. दुपट्टा खुंटीवर फेकला, तो खाली पडला, तसाच राहिला. चहाही न घेता आडवा झाला. दुर्गेश्वरीनं लाखोरीची डाळ कुकरमध्ये लावली, तेवढ्यात नळ आला. नळ कोपऱ्यावर, आणि आला की बायांची ही रांग. तिनं पाण्याचा गुंड उचलला आणि चंचलच्या कानाशी लागून सांगितलं, "शिटी हलाले लागली का गॅस बंद करजो. आवाज नाही व्हायले पाह्यजे. मी आलोच."

चंचलनं मान डोलावली.

लीलाधरला जाग आली ती फोननं. छातीवर फोन थरथरत होता. उदाराम.

"भाऊ, काटा रेघेच्या वरतं गेला. इतका कधी नाही गेला. भट्टी बी लय तापून राहिली. का करू?"

"हिमांशूभैया हाय का तिथं?"

"हायेत. म्हनतात चालू दे."

लीलाधरनं डोळे मिटले. त्या क्षणी त्याला फक्त झोप पाहिजे होती, बाकी जग गेलं खड्ड्यात. "मंग चालू दे," तो म्हणाला. "भुसा जरा कमी टाक. वीट राहू दे." आणि फोन ठेवला.

तो पडून राहिला. घरात चिडीचूप. इतकं चिडीचूप की त्याला वाटलं, वा, आज झोपू देतील. डाळीचा वास येत होता. डाळ चांगलीच शिजली असणार. आणि मग त्याच्या मनात आलं की डाळ एवढी शिजली, तर शिट्टी कुठंय?

त्यानं कान दिला. पुरुषाची जात आळशी, नवरा आंधळा असेल, बाप बहिरा असेल. पण बॉयलरवाल्याचा कान जागा होता. स्वयंपाकघरातून एक बारीक, दाबलेला आवाज येत होता. रबराच्या कडेनं वाफ वाट शोधते तेव्हा असा आवाज येतो. त्याखाली भांडं थरथरत होतं.

तो दारात जाऊन उभा राहिला.

चंचल पाटावर उभी होती, टाचा वर करून. ओट्यावर कुकर, कुकरखाली मोठा गॅस. कुकरच्या शिट्टीवर अर्धी वीट. गरम लागू नये म्हणून विटेला त्याचाच दुपट्टा गुंडाळलेला. आणि पोर दोन्ही हातांनी ती वीट खाली दाबून धरत होती. तोंड लाल झालं होतं, तरी सोडत नव्हती. झाकणावरचा तो मिलचा बोल्ट तिच्या छातीसमोर होता.

लीलाधरच्या तोंडापर्यंत किंकाळी आली. ती त्यानं कशी गिळली त्याची त्यालाच ठाऊक. ओरडला असता तर पोर दचकली असती, वीट सुटली असती, आणि वाफेचा फवारा सरळ तिच्या तोंडावर गेला असता. न ओरडावं, तर झाकण कधी उडेल याचा नेम नाही. बॉयलरला काटा असतो, कुकरला तोही नसतो.

"चंचल," तो म्हणाला. अगदी हळू.

तिनं मान वळवली, आणि बापाला बघून तिचा चेहरा भीतीनं पांढरा पडला. कुकरची भीती नव्हती ती. त्याची होती.

"बाबा, शिटी हलाले लागली होती," ती कुजबुजली. "गॅसचं बटन फिरत नाही मले. म्हनून वीट ठेवली. आवाज झाला का?"

"नाही, बाई. नाही झाला. आता हालू नोको हं."

दोन ढांगांत तो तिच्या मागं पोचला. डावा हात तिच्या हातांवरून विटेवर ठेवला. दुपट्ट्यातूनही चटका लागला. उजव्या हातानं गॅसचं बटण पिळलं. घट्ट होतं ते, त्यालाही दोनदा जोर लावावा लागला. ज्योत गेली. कुकर तसाच थरथरत राहिला.

"आता तुहे हात काढ. खाली उतर. अन् अंगनात पळ."

"तुमी रागावले का?"

"नाही. पळ."

ती गेली. बोटांवरच गेली. तशातही तिनं पाय वाजवले नाहीत. त्यानं श्वास धरला, वीट एकदम सोडून मागं उडी घेतली आणि दाराच्या आड गेला. वीट घरंगळली, दुपट्टा सुटून दाराबाहेर पडला. शिट्टी उडून कवेलूला लागली, आणि वाफ सुटली. बापरे, काय किंचाळली ती! महिनाभर दाबून ठेवलेली सगळी बोंब एकदम बाहेर पडावी तशी. डाळ आढ्यापर्यंत उडाली. भिंती ओल्या झाल्या. आवाज थांबता थांबेना, आणि लीलाधर दाराआड भिंतीला टेकून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुठल्याही आवाजाचा राग आला नाही.

तेवढ्यात डोक्यावर गुंड घेऊन दुर्गेश्वरी धावत आली. "का झालं? अवो, का झालं? चंचल कोठी हाय?"

"अंगनात धाडली तिले."

अंगणात कोणी नव्हतं. कुंपणाचं फाटक बंद होतं. दुर्गेश्वरीनं हाक मारली. लीलाधरनं मारली. गोठ्यात बघितलं, न्हाणीत बघितलं, शेजाऱ्यांकडं विचारलं. "चंचल! ए चंचल!" ओ नाही. पूर्वी एका हाकेला दहा वेळा ओ देणारी पोर. दुर्गेश्वरीनं नवऱ्याला धरून हलवलं. "वाफ लागली का तिले? सांगा न, लागली का?"

"नाही लागली, मी पाह्यलं."

"मंग ओ काऊन नाही देत?"

कारण त्यांनीच शिकवलं होतं तिला. आवाज करायचा नाही.

लीलाधरला ती सापडली पडवीत, धान साठवायच्या ढोलीमागं. भिंत आणि ढोली यांच्या फटीत मुटकुळं करून बसली होती. कधी उचलला कोण जाणे, तो दुपट्टा तिनं तोंडात कोंबला होता, गालफडं फुगेपर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अंग हुंदक्यांनी हलत होतं, आणि आवाज म्हणाल तर एवढासासुद्धा नाही.

त्यानं तिला ओढून बाहेर काढलं आणि छातीशी धरलं. तिच्या केसांत भुसा होता. मिलचा भुसा, जो कुंपणाबाहेर राहायला पाहिजे होता.

तेव्हा त्याला उदाराम आठवला. अर्ध्या घंट्यापूर्वी त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, वीट राहू दे. चंचलला न सोडताच त्यानं दुर्गेश्वरीकडून फोन लावून घेतला.

"उदाराम! वीट काढ!"

"भाऊ, भैया इथंच उभे—"

"भैयाले मार गोली! तुही बी लेकरं हायेत न रे? भट्टीतला भुसा बंद कर, अन् लांबून लोखंडी सळाकीनं तार तोड. लांबून! वाफेच्या तोंडी नोको जाऊ."

फोन हिमांशूनं घेतला. आवाज तसाच गोड. "लीलाधर भाऊ, वीट निकली तो कल से मत आना."

"नाही येत," लीलाधर म्हणाला. "सर्टिफिकेटवाला कोनीच नाही आता तुमच्याकडं. वीट राहिली अन् काही झालं तं मी सगळ्यायले सांगतो का कोनी बांधाले लावली. द्या उदारामले फोन."

फोन कट झाला.

तिघं अंगणात येऊन उभी राहिली. बांध्यांच्या पलीकडं मिलचं धुराडं दिसत होतं, काळा धूर ओकत होतं. पुन्हा फोन लावला, कोणी उचलेना. दुर्गेश्वरीनं नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता. लीलाधर धुराड्याकडं बघत मनातल्या मनात काटा पुढं सरकताना बघत होता. त्या बॉयलरचं पोट त्याला घरच्यासारखं माहीत होतं. कुठला जोड कच्चा, कुठला पत्रा जुना, आधी काय फाटेल. उदाराम कुठं उभा असेल तेही माहीत होतं.

आणि मग भोंगा वाजला.

खूप दिवस दाबलेला, म्हणून नेहमीपेक्षा मोठा, लांबच लांब. बगळे उडाले. मोहल्ल्यातली माणसं बाहेर आली, पांढऱ्या वाफेच्या ढगाकडं बोट करायला लागली. वाजतोय म्हणजे बॉयलर फाटला नाही. वाजतोय म्हणजे उदाराम आहे. लीलाधर मटकन खाली बसला आणि भर अंगणात लहान पोरासारखा रडला.

"आइक, चंचल," तो म्हणाला. "आइक न. बाबाचा भोंगा."

चंचलनं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले होते. ती मिलकडं बघतच नव्हती. ती बापाच्या तोंडाकडं बघत होती, तो आता कधी ओरडतो याची वाट बघत. भोंगा बराच वेळ वाजला आणि थांबला. मग तिनं एक हात कानावरून काढला, त्याच्याजवळ सरकली आणि इतकं हळू बोलली की त्याला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"बाबा, तुमी झोपा. मी नाही करत आवाज."